छायाचित्राचे ओझे हलके करताना

(जिवती तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



माणिकगडच्या डोंगरावर वसलेल्या आपल्या तालुक्यात छायाचित्र ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचे प्रवेशपत्र, घरकुलाचा हप्ता या सर्वांच्या वाटेवर ते उभे आहे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाईलवर नोंदविणे बंधनकारक झाले, तेव्हा छायाचित्र पोहोचणे आणि मजुरी पोहोचणे यांचे नाते आपण सर्वांनी पाहिले. म्हणून आज मी एका लहानशा वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे: मोबाईलने काढलेले छायाचित्र संकेतस्थळावर चढविण्याजोगे लहान कसे करावे.

प्रथम या ओझ्याचे मोजमाप करू. अंकीय छायाचित्र हे बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या मोबाईलचा बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा रुंदीत ४,००० आणि उंचीत ३,००० ठिपके टिपतो, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या छटेसाठी एकेक बाईट धरला तरी हिशेब ३ कोटी ६० लाख बाईटांवर जातो. फोन ही माहिती दाबून साधारण तीन ते पाच मेगाबाईटांत बसवतो. आता एखाद्या कोलामगुड्यावर सेकंदाला शंभर किलोबिट एवढाच संपर्क मिळत असेल, तर चार मेगाबाईटांचे छायाचित्र जायला साडेपाच मिनिटे लागतात. आणि पाचव्या मिनिटाला संपर्क तुटला तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेच छायाचित्र १५० किलोबाईटांचे केले तर बारा-तेरा सेकंदांत जाते. टॉवरची संख्या वाढविणे आपल्या हाती नाही. हे मात्र आहे.

आकार लहान करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला मार्ग ठिपक्यांची संख्या कमी करण्याचा. ४,००० गुणिले ३,००० चे चित्र १,२०० गुणिले ९०० केले की ठिपके अकराव्या हिश्श्यावर येतात, आणि संगणकाच्या पडद्यावर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. दुसरा मार्ग तेवढ्याच ठिपक्यांची माहिती अधिक दाबण्याचा. ही दाबण्याची प्रचलित पद्धत म्हणजे जेपेग. तिचे प्रमाणीकरण १९९२ साली झाले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण शिक्षकांना ते वर्गात सांगता येईल. जेपेगच्या मुळाशी जे गणित आहे ते कर्नाटकातील बंगळूरात १९४० साली जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. अमेरिकेतील कॅन्सस येथे अध्यापन करीत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी आपला शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. आज जिवतीच्या बाजारात कुणी फोटो काढून पाठवितो, तेव्हा त्यात हेच गणित राबत असते.

हे गणित करते काय? चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील ६४ ठिपके जसेच्या तसे न लिहिता, त्यांची सरासरी छटा आणि तिच्यातील मंद व वेगवान चढउतार अशा रूपात ते मांडले जातात. मानवी डोळ्याला मंद बदल चांगले दिसतात, अगदी बारीक बदल फारसे दिसत नाहीत. म्हणून बारीक बदलांचे आकडे ठोकळमानाने घेतले जातात किंवा सोडून दिले जातात. आकाश, भिंत, कपाशीचे शेत, माणसाचा चेहरा यांना ही पद्धत मानवते. पण कागदावरील काळे अक्षर म्हणजे पांढऱ्यावरून एकदम काळ्यावर उडी. तिथे बारीक बदलच महत्त्वाचे असतात. म्हणून फार दाबलेल्या सातबाऱ्यातील गट क्रमांक पुसट होतो, ३ आणि ८ सारखे दिसू लागतात, आणि अर्ज परत येतो. चेहऱ्याला जे चालते ते दस्तऐवजाला चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे परत येणारे अर्ज वाचतील असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्जदाराच्या छायाचित्रासाठी १६० पिक्सेल रुंदी, २०० ते २१२ पिक्सेल उंची आणि ५ ते २० किलोबाईट अशी मर्यादा सांगितलेली असते. दस्तऐवजांसाठी ७५ ते ५०० किलोबाईट. बँक भरतीच्या परीक्षांत छायाचित्र २०० गुणिले २३० पिक्सेलचे व २० ते ५० किलोबाईटांचे मागतात, सही १० ते २० किलोबाईटांची. हे आकडे बदलू शकतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी सूचना वाचाव्यात. ह्या मर्यादांना खालचे टोकही आहे, याकडे दुर्लक्ष होते. घाबरून फाईल फार लहान केली तर तीही नाकारली जाते.

समजा, विद्यार्थ्याचा उभा फोटो ३,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचा आहे आणि आपल्याला १६० गुणिले २०० हवा आहे. मूळ चित्राची रुंदी-उंची तीनास चार या प्रमाणात आहे, हवे ते चारास पाच. संगणकाला सरळ दोन्ही आकडे दिले तर चेहरा ताणला जाईल. आमच्या काही मुलांची प्रवेशपत्रावरील तोंडे फुगलेली दिसतात ती याच कारणाने, आणि मग परीक्षा केंद्राच्या दारात ओळख पटविण्याची वेळ येते. म्हणून आधी कातरावे: उंचीतील २५० ठिपके काढून ३,००० गुणिले ३,७५० करावे, मग प्रमाण कायम ठेवून रुंदी १६० करावी, उंची आपोआप २०० येईल. चेहऱ्याभोवती जागा फार असेल तर याच प्रमाणात अधिक आत कातरावे. विंडोज संगणकातील पेंट ह्या साध्या साधनात ‘रिसाइझ’ या आज्ञेखाली हे करता येते. तेथील प्रमाण राखण्याची खूण काढू नये. दाबण्याचे प्रमाण आपल्या हाती हवे असेल तर जिम्प हे विनामूल्य साधन चांगले. त्यात जेपेग साठविताना गुणवत्तेचा आकडा विचारला जातो. छायाचित्रासाठी ७५ ते ८० पुरतो.

दाखला किंवा सातबारा असेल तर तो सपाट ठेवून, सावली न पडू देता, नेमका वरून टिपावा. कडेची सतरंजी, टेबल, आपला अंगठा कातरून टाकावा. निरुपयोगी भागही किलोबाईट खातो. ए-चार आकाराच्या कागदास १,२४० गुणिले १,७५४ ठिपके, म्हणजे इंचाला दीडशे, हे वाचनीयतेस पुरेसे होतात. रंगाची गरज नसेल तर करड्या छटेत साठवावे, पण शिक्क्याचा रंग दिसणे आवश्यक असेल तर तसे करू नये.

एक चूक फार महाग पडते. जेपेग फाईल उघडून, लहान करून, साठवून, पुन्हा तीच उघडून आणखी लहान करणे. प्रत्येक वेळी काही माहिती कायमची जाते. लहान केलेले चित्र पुन्हा मोठे केले तर ठिपके मोजणीत वाढतात, गेलेला तपशील परत येत नाही. जमले नाही तर दर वेळी मूळ प्रतीपासूनच सुरुवात करावी. आपल्याकडील अनेक कुटुंबांत, विशेषतः कोलाम वस्त्यांत, जुना दाखला म्हणजे एकच जीर्ण कागद असतो. त्याचे एक चांगले, न दाबलेले छायाचित्र घेऊन ठेवणे हे ग्रामपंचायतीने सहज करावे असे काम आहे. मात्र ते त्या कुटुंबाच्या संमतीने आणि कुलपातच.

शेवटी स्थळाच्या नोंदीविषयी. मोबाईलमध्ये ती सोय चालू असेल तर छायाचित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहिली जाते. घरकुलाच्या वा रस्त्याच्या कामाचा पुरावा म्हणून तिला मोल आहे. म्हणून योजनेच्या ॲपमधून घेतलेल्या चित्रास हात लावू नये. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविले की ते दाबले जाते आणि ही नोंद गळते. दस्तऐवज म्हणून पाठविले तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. याउलट आश्रमशाळेतील मुलींच्या स्नेहसंमेलनाचे चित्र संकेतस्थळावर देताना ही नोंद राहता कामा नये. लहान करताना ती निघतेच असे नाही. साठविलेल्या फाईलचा तपशील उघडून स्थळाचा रकाना रिकामा आहे का ते पाहावे, आणि मगच चित्र चढवावे. पुढील तासाला संगणकावर आपण हेच करून पाहणार आहोत; ज्यांच्या फोनमध्ये सातबाऱ्याचा फोटो आहे त्यांनी तो काढून ठेवावा.