'मुलींत पहिली' आल्यानंतर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



निकाल लागला की आपण विचारतो, "मुलींत पहिली कोण?" तिच्या घरी पेढे वाटले जातात, तिचा सत्कार होतो. सर्वांत मिळून तिचा क्रमांक कितवा, हे सहसा कोणी विचारत नाही. जपानमधील एका मुलीने हा दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारला. तिची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

तिचे नाव काना सातोमी. जन्म 1992 चा, गाव टोकियोपासून दूर शिमाने प्रांतातले इझुमो. तिचा खेळ शोगी. शोगी म्हणजे आपल्या शतरंजच्याच कुळातला जपानी खेळ. पटावर 81 घरे, प्रत्येकाकडे 20 सोंगट्या. एक गंमत मात्र आपल्याकडे नाही : मारलेली सोंगटी डावातून बाद होत नाही. मारणारा ती आपली म्हणून पुन्हा पटावर उतरवू शकतो. त्यामुळे शेवटपर्यंत पट भरलेला राहतो आणि जिंकत आलेला डावही हातचा जातो.

जपानमध्ये 1974 पासून महिला व्यावसायिकांचा वेगळा वर्ग आहे. काना 2004 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यात दाखल झाली. इझुमोत शाळा चालू ठेवून ती सामने खेळे. 2008 साली, सोळाव्या वर्षी, तिने इचियो शिमिझु या नामांकित खेळाडूला हरवून पहिला किताब मिळवला. मग किताबांची रांगच लागली. ती महिलांत पहिली झाली.

दुसरी एखादी इथे थांबली असती. पण पुरुषांबरोबरीचा मुख्य व्यावसायिक दर्जा वेगळा असतो. त्याचे दार स्त्रियांना बंद नाही. पण त्या दारातून तोपर्यंत एकही स्त्री आत गेली नव्हती. त्यासाठी शोरेइकाई या उमेदवारांच्या संस्थेत पायरीपायरीने चढावे लागते. हाती किताब असताना 2011 साली काना तिथे खालच्या पायरीवर जाऊन बसली. पालकहो, मला तिच्या किताबांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. नावारूपाला आलेल्या माणसाने पुन्हा उमेदवार होणे सोपे नसते.

2013 च्या डिसेंबरात ती तिसऱ्या दानला पोहोचली. एवढ्या वर चढलेली ती पहिली स्त्री. पुढची पायरी शेवटची आणि सर्वांत अवघड. सहा महिन्यांच्या साखळीत प्रत्येकाचे 18 डाव, आणि तीसहून अधिक उमेदवारांतून वर जातात साधारणपणे दोघेच. त्यातच प्रकृतीने दगा दिला. 2014 साली तिला कित्येक महिने खेळ थांबवावा लागला. परत येऊन ती पाच हंगाम लढली. वयाची मर्यादा 26 वर्षांची; 2018 च्या मार्चमध्ये ती संपली आणि कानाला संस्था सोडावी लागली.

महिलांचा वेगळा वर्ग वाईट, असे मी म्हणणार नाही. त्यामुळेच कितीतरी मुलींना सामने मिळाले, मिळकत मिळाली. कानानेही परत येऊन 2019 साली एकाच वेळी सहा किताब धारण केले. हे पूर्वी कोणाला जमले नव्हते. पण असा वर्ग हळूहळू कुंपणही होतो. आपल्याकडेही, 1976 साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आक्षेप घेतला गेलाच होता.

व्यावसायिक पुरुषांविरुद्ध पुरेसे डाव जिंकले, तर प्रवेशपरीक्षेची आणखी एक वाट असते. पाच नवोदित व्यावसायिकांशी पाच डाव, तीन जिंकायचे. 2022 साली काना ही परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली आणि सलग तीन डाव हरली. 2024 साली, लग्नानंतर, तिने फुकुमा हे आडनाव लावले. 

तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली तोमोका निशियामा हीही त्याच साली परीक्षेला बसली. चार डावांअंती दोन-दोन अशी बरोबरी होती. 22 जानेवारी 2025 रोजी शेवटचा डाव झाला आणि तो ती हरली.