घाटवाटांवरील धाव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे तरुण विभागाची एक सूचना आली होती. खांडसपासून भीमाशंकरपर्यंत जुन्या घाटवाटेने धावण्याचा एक कार्यक्रम मंडळाने हिवाळ्यात आखावा, अशी ती सूचना. तिला सर्वांत कडवा विरोध कोणी केला असेल, तर तो आम्ही. आज त्याच विषयावर बोलण्यासाठी आम्हांसच उभे करण्यात चिटणिसांचा थोडा खट्याळपणा आहे. पण तो आम्ही गोड मानून घेतला आहे. विरोध का केला आणि तो आता कोठवर उरला आहे, एवढेच आपणांपुढे मांडावयाचे आहे.

डोंगरातील पायवाटांनी धावण्याच्या या छंदास ट्रेल रनिंग असे म्हणतात. डांबरी सडकेवरील मॅरेथॉनहून ही गोष्ट अगदी निराळी. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन 2012 पासून भरते व तिची कीर्ती मोठी आहे. पण ती यवतेश्वराच्या पक्क्या सडकेने जाते. रानवाटेवर दर पावलागणिक जमीन बदलते. कोठे कातळ, कोठे मुळ्यांचे जाळे, कोठे पाय ठेवताच निसटणारा घसारा. चढावर उत्तम धावणारासुद्धा बहुतेक चालतच असतो, आणि खरी परीक्षा होते ती उतारावर, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा सारा भार झेलून अडवून धरीत असतात. ते थकले की पाय लटपटतो. युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती 2003 पासून अशी एक शर्यत भरते. तीन देशांतून जाणारी सुमारे 170 किलोमीटरांची ती प्रदक्षिणाच म्हणावयाची. आपल्याकडे सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी दौड आता चांगलीच नावारूपास आली आहे. तेव्हा हे खूळ आपल्याच मुलांच्या डोक्यात शिरले आहे, असे कोणी समजू नये.

आणि खूळ तरी कसे म्हणावे? सह्याद्रीची रचनाच अशी आहे की पूर्वेकडे देशाची उंच भूमी, पश्चिमेकडे एकदम तुटलेला कडा, आणि कड्याखाली कोकण. लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर झाला. कठीण थराचा कडा व मऊ थराचा उतार अशा पायऱ्या पडल्या, आणि त्या पायऱ्यांवरच्या सपाटीस लोक पदर म्हणू लागले. एका पदरावरून दुसऱ्यावर, एखाद्या नाळेतून किंवा सोंडेवरून, माणसाने वाट काढली. नाणेघाटातील नागनिकेचा शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीची साक्ष देतो, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अजून तेथे उभा आहे. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. देशावरून धान्य, गूळ, मिरची खाली येत. 1830 मध्ये बोरघाटातून गाड्यांची सडक झाली, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली, आणि मग एकेक करून या वाटा ओस पडत गेल्या.

आपल्या ज्ञातीतील किती घराण्यांचे पोट या वाटांनी भरले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आमच्या आजी लग्न होऊन घाटावरून कोकणात उतरल्या त्या पायीच. पुढे माहेरपणास वर जाताना कडेवर मूल व डोक्यावर गाठोडे असे. कार्यकारी मंडळात एका सद्‌गृहस्थांनी, मुलींना यात घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न काढला होता. आजी आज असत्या तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याची आम्हांस कल्पना आहे. पण ते छापण्याजोगे नसते.

आता आमच्या विरोधाचे मूळ सांगतो. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही आमच्या भाच्यास घेऊन याच वाटेने निघालो. आम्ही चालणार, तो धावणार, आणि वर देवळापाशी भेटावयाचे, असा बेत होता. खांडसहून भीमाशंकरास चढण्याच्या दोन वाटा आहेत. शिडीघाटाची वाट जवळची पण बिकट. कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. गणेशघाटाची वाट लांबची पण सोपी. वाटेत गणपतीचे देऊळ लागते, बाजूस पदरगडाचे सुळके दिसत राहतात. दोन्ही वाटा पदरावर एकत्र होतात, आणि तेथून दाट रानातून अखेरचा उभा चढ लागतो. आम्ही अर्थातच गणेशघाट धरला. भाचा पाहता पाहता दिसेनासा झाला. त्याच्या मनगटावर उपग्रहाच्या आधारे वाट दाखविणारे घड्याळ होते. त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो, हा आमचा पहिला गाढवपणा.

पदरावर आलो तो धुके असे दाटले की चार हातांवरचे झाड दिसेना. देवळापाशी पोहोचलो, तेथे भाचा नाही. तासभर वाट पाहिली, मग दुसरा तास. पावसाची सर येऊन गेली. बहिणीस काय तोंड दाखवावे, या विचाराने आम्ही पायऱ्यांवर बसून होतो, आणि त्या दोन तासांचे वर्णन करण्याची आमची इच्छा नाही.

झाले होते असे. पदरावर गुरांच्या वाटा पुष्कळ फुटतात. डोंगरात हिंडणारे लोक त्यांना ढोरवाटा म्हणतात. त्या चांगल्या मळलेल्या असतात आणि नवख्या माणसास त्याच खऱ्या वाटतात. पण गुरे चाऱ्याकडे जातात, देवळाकडे नव्हे. भाचा धावण्याच्या भरात अशा एका ढोरवाटेस लागला. भान आले तेव्हा घड्याळ दाखवीत होते की खरी वाट अगदी जवळ आहे. ती जवळ होती हे खरेच, पण मध्ये कड्याचा एक टप्पा होता, आणि उंचीचा तो फरक त्या इवल्याशा पडद्यावर त्यास उमगला नाही. तो शेवाळलेल्या कातळास हात घालून चढू लागला. पुरुषभर चढला असेल नसेल, इतक्यात धुक्यातून हाक आली, "ए पोरा, मागं फीर! तिकडं वाट न्हाय."

हाक मारणारा एक म्हातारा गुराखी होता. अंगावर घोंगडी, हातात काठी. दगड गडगडल्याचा आवाज ऐकून, आपली गाय घसरली की काय, हे पाहण्यास तो आला होता. त्याने भाच्यास खाली उतरविले, आपल्या झोपडीत नेऊन चुलीपुढे बसविले, कोरा चहा पाजला, आणि पाऊस थांबल्यावर नातवास सोबत देऊन वर देवळापर्यंत पोहोचविले. निघताना त्याने एकच प्रश्न विचारला म्हणे, "पळत व्हतास कशापाई? पोलीस मागं लागलं व्हतं का?" भाच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते.

हा प्रसंग मनात घेऊन आम्ही कार्यकारी मंडळाच्या बैठकीस गेलो होतो आणि ती सूचना फेटाळून लावावी असा आग्रह धरला होता. पुढे एका गोष्टीने आम्हांस विचार करावयास लावले. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी डोंगरातील 100 किलोमीटरांची शर्यत झाली. 172 धावक होते, बहुतेकांच्या अंगात आखूड चड्डी व पातळ सदरा. दुपारी एकाएकी वादळी वारा सुटला, गारा व बर्फासारखा थंड पाऊस आला, आणि 21 धावक गारठून मृत्युमुखी पडले. त्यांत त्या देशातील नामांकित धावकही होते. या बातमीतील एक भाग फारशा कोणी लक्षात ठेवला नाही. त्या डोंगरात मेंढ्या चारणाऱ्या एका मेंढपाळाने गुहेत आसरा घेतला होता. अशा दिवसांसाठी त्याने तेथे कपडे व अंथरूण ठेवलेले होते. त्याने एकेकास आत ओढून घेतले, शेकोटी पेटविली, आणि सहाजणांचे प्राण वाचविले.

ते वाचताना आम्हांस आमचा गुराखी आठवला. ज्यांनी आखणी केली, ज्यांच्याजवळ यंत्रे होती, त्यांना त्या डोंगराच्या हवेचा अंदाज आला नाही. मेंढपाळास मात्र गुहा ठाऊक होती. मग आमच्या ध्यानात आले की आमचा राग धावण्यावर नव्हताच. ज्यांच्या पायांनी वाट मळलेली राहते त्यांना वगळून धावण्यावर होता. घाटवाट म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे. दर पावसात ती थोडी वाहून जाते, झाड आडवे पडते, कारवी वाढून ती बुजविते. पदरवाडीची माणसे बाजाराला, गुरांमागे, सरपणाला तिच्यावरून जातात, म्हणून ती आहे. ज्या दिवशी वाडी उठेल, त्या दिवसानंतर दोन पावसाळ्यांत ती वाट आपल्या घड्याळातच काय ती उरेल.

तेव्हा आमचे मत बदलले आहे. धाव व्हावी. पण काही गोष्टींस आम्ही अजून अडून बसणार आहोत, आणि त्यांवर कोणास राग आला तर तो सहन करू.

पावसाळ्यात ही धाव कदापि नको. आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या डोंगरांत जुलै-ऑगस्टचा पाऊस काय असतो, हे वेगळे सांगावयास नको. चैत्र-वैशाखही नको, पाणवठे आटतात आणि कातळ तापतो. मार्गशीर्ष-पौष हेच दिवस योग्य. शिडीघाट वर्ज्य, शिडीवर मागून धावत येणारा आणि पुढे उतरणारा यांची गाठ पडणे बरे नव्हे. एकट्याने धावावयाचे नाही. पेशवाईतील पत्रांत जासूदजोडी असा शब्द येतो; वाटेवर मुरलेले ते जासूदसुद्धा जोडीने जात, मग आपण कोण? प्रत्येकाजवळ पाणी, शिट्टी, विजेरी आणि अंगभर वारा अडविणारे वस्त्र असलेच पाहिजे.

माथ्यावरचे रान 1985 पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याची परवानगी ही केवळ कागदाची बाब समजू नये. शेकरू आपले घरटे झाडाच्या शेंड्यावर बांधते आणि गलक्याने बिथरते. कर्णे, नगारे, जयघोष हे सारे खांडसच्या मैदानातच संपवावे. आग्या मोहोळाखालून ओरडत जाण्याची हौस ज्यांना असेल, त्यांनी ती एकट्याने भागवावी. संख्याही मर्यादित असावी. साठांहून अधिक माणसे त्या वाटेस झेपणार नाहीत, असे आमचे मत आहे.

बक्षिसांविषयी तरुण विभागाशी आमचा अजून वाद चालू आहे. चढाची वेळ मोजा, त्यास आमची हरकत नाही. उतरण्याची वेळ मोजू नये आणि तिला चषक ठेवू नये. उतारावरची घाई हाडे मोडते. चषकांवरील खर्च वाचेल तो वाटाड्यांच्या मजुरीस लावावा. प्रत्येक फुटव्यावर पदरवाडीचे वा खांडसचे एक माणूस उभे असावे, त्यास दिवसाची रास्त मजुरी आगाऊ ठरवून द्यावी, आणि जेवण वाडीतच सांगावे. कोणती वाट खुली आहे आणि कोणती नाही, याचा अखेरचा शब्द त्यांचा राहील. त्यांनी नको म्हटले, तर मुंबई-पुण्याहून माणसे आली असली तरी धाव रद्द.

त्या गुराख्याकडे आम्ही पुढल्या माघात भाच्यास घेऊन गेलो होतो. सोबत धोतरजोडी व मिठाई नेली. मिठाई त्यांनी ठेवून घेतली, धोतरजोडी हातात घेऊन पाहिली आणि नातवाच्या लग्नात नेसेन म्हणाले. धावण्याच्या बेताविषयी विचारले, तेव्हा कितीजण, कोणत्या महिन्यात, आणि पोरे म्हाताऱ्या माणसाचे ऐकणारी आहेत का, एवढे तीनच प्रश्न त्यांनी केले. तिसऱ्याचे उत्तर आम्ही राखून ठेवले आहे.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ती वाट प्रथम सर्वांनी मिळून चालत पाहावयाची आहे. ज्यांना पुढे धावावयाचे आहे त्यांनी त्या दिवशी यावेच, आणि ज्यांची मुले धावणार आहेत अशा आईबापांनीही शक्य तर यावे. नावे चिटणिसांकडे द्यावीत. कर्जतहून खांडसपर्यंत वाहनाची सोय मंडळ करील. डबा आणि दोन लिटर पाणी ज्याचे त्याने आणावे. निघणे पहाटे सहास.