घरबसल्या आजाराचा अभ्यास



दोरीवर लुगडं वाळत घालताना एक हात वर जात नाही. गवताचा भारा डोक्यावर घेता येत नाही. फुंकणीनं फुंकर नीट बसत नाही. झोपेत डोळे पुरते मिटत नाहीत. पाठीवर खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. अशी बाई घरात असली, तर तिला आळशी म्हणायच्या आधी आजचं ऐका.

हा स्नायूंचा एक आनुवंशिक आजार असू शकतो. डॉक्टर त्याला ‘एफएसएचडी’ म्हणतात. तो चेहरा, खांदे आणि दंड यांच्यापासून सुरू होतो. पुढे पायही धरतो. आई किंवा बाप, कोणाकडूनही येतो. एकाला असला, तर प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. कधी आईबापांत नसतानाही नव्यानं उपजतो. म्हणजे यात सुनेचा दोष नाही, कोणाची नजर नाही.

याची खोड अशी, की एकाच घरात तो सारखा दिसत नाही. आईला नुसता खांदा जड, अन् लेकाला चालणं अवघड. दवाखान्यात जातो तो जास्त त्रासाचा माणूस; आईची नोंद कुठंच होत नाही. अन् फारच अडलेला माणूस तर प्रवासच करू शकत नाही. मग आजार पुढं कसा सरकतो, हे कळणार कसं?

म्हणून संशोधक आता घरीच अभ्यास करतात. फोनवर प्रश्न विचारतात. हात वर करताना, खुर्चीवरून उठताना व्हिडिओ घेतात. टपालानं नळी पाठवून लाळ मागवतात. हेच काही महिन्यांनी पुन्हा. पण धारणी-चिखलदऱ्याच्या गावात रेंज नसेल, तर हे अडतं; अन् डॉक्टरांच्या हाताची तपासणी फोन करू शकत नाही.

तुम्हाला कोणी असं विचारलं, तर आधी मराठीत कागद मागा. लाळ कुठं जाईल? नाव कोणाला कळेल? आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे संमती तुमची, अन् मधेच थांबायचा हक्कही तुमचा. एकीचा निकाल बहिणीचं, भाचीचंही गुपित सांगतो. सोयरीक जुळवायच्या दिवसांत हे लहान नाही. म्हणून आधी घरात बोला. पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.

हा आजार मुळातून घालवणारं औषध अजून नाही. जडीबुटीवाल्याला सोनं विकून देऊ नका. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायूंचा हा क्षय नोंदलेला आहे. तपासणीत ठरेल त्याप्रमाणे प्रमाणपत्र मिळतं.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच विचारा: कोणाचा हात वर जात नाही का? विचारा, पण हसू नका.