नदीपलीकडचा सिनेमा

2015 साली ‘बाहुबली’ आला, 2017 मध्ये त्याचा दुसरा भाग आला, पाठोपाठ ‘केजीएफ’, ‘पुष्पा’, ‘आरआरआर’ आणि ‘कांतारा’ आले. तेव्हापासून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, की भारतातला प्रेक्षक आता भाषेच्या भिंती ओलांडू लागला आहे. मुंबई-पुण्याबद्दल हे खरे असेलही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना मात्र ते लागू पडत नाही, कारण इथे त्या भिंती कधी फारशा उंच नव्हत्याच. इथल्या सिनेमाशौकिनाची आवड बदलली आहे हे मान्य, पण तो बदल भाषेचा नाही. पूर्वी तो पडद्यावर नायक शोधत असे, आता तो जंगल शोधतो. आणि जंगल ज्या सिनेमाला कळले आहे असे त्याला वाटते, त्या सिनेमाची भाषा तो विचारत नाही. हे विधान थोडे धाडसाचे आहे, म्हणून त्याचा पुरावा तपासून पाहू.

आधी भूगोल. सिरोंचा हे महाराष्ट्राच्या पार टोकाचे तालुक्याचे गाव. प्राणहिता-गोदावरीच्या संगमापलीकडे तेलंगणातले कालेश्वरम. सिरोंच्याच्या बाजारात, घरात, लग्नात तेलुगू बोलली जाते आणि शाळेत, कचेरीत मराठी. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. जिवतीच्या डोंगरात आजही अशी गावे आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. बल्लारपूरवरून दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग जातो. कोळशाच्या खाणींत आणि कागद कारखान्यात कामाला आलेल्या तेलुगू कुटुंबांच्या इथे वसाहती झाल्या. तिकडे कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत आणि तिथे बंगाली बोलली जाते. एवढ्या भाषांच्या मुलखातला माणूस दुसऱ्या भाषेचा सिनेमा पाहतो, यात नवल ते काय? नवल वाटायला हवे ते दुसऱ्याच गोष्टीचे. या सगळ्या भाषांतून तेलुगू सिनेमाच इतका खोल का रुजला? ऋत्विक घटक यांनी ‘मेघे ढाका तारा’ 1960 साली केला आणि ‘सुवर्णरेखा’ त्यानंतर. फाळणीने उखडलेल्या बंगाली माणसाचे याहून मोठे चित्रपट नाहीत, पण तशाच माणसांच्या मुलचेऱ्यातल्या गावांपर्यंत ते पोचावेत अशी वाट कुठली? छत्तीसगढीतला पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ 1965 चा, पण त्या भाषेच्या सिनेमाला खरा बाजार मिळाला तो 2000 च्या ‘मोर छइहां भुइयां’नंतर. तेलुगूच्या मागे रेल्वे होती, कामगार वस्ती होती आणि हैदराबादसारखे सिनेमाचे शहर होते.

पण नुसत्या वाटेने आवड घडत नाही. इथे झाडीपट्टी रंगभूमीचा विचार करावाच लागतो. धान कापून झाले, दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजहून नाटक मंडळ्या निघतात आणि गावोगाव, शंकरपटाच्या निमित्ताने, मंडईच्या निमित्ताने, रात्रभर नाटके चालतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचे नाव ऐकू आले, पण इथे तिची मुळे दंडार आणि खडी गंमतीपर्यंत जुनी आहेत. या नाटकात रडणे पोटभर असते, हसणे पोटभर असते, गाणी असतात, लावणी असते, खलनायक प्रवेश करतानाच खलनायक म्हणून ओळखू येतो, आणि कुणी अर्ध्यावर उठून जात नाही. अशा नाटकावर वाढलेल्या डोळ्याला तेलुगू सिनेमाचा चढा सूर परका कसा वाटेल? पुण्यातल्या समीक्षकाला जो भडकपणा वाटतो, ती आरमोरीच्या प्रेक्षकाची ओळखीची रीत आहे. म्हणूनच परभाषेतले चित्रपट पाहण्याने मराठी मागे पडते ही तक्रार या भागात तरी पोकळ ठरते. कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत मराठी नाटक पाहणारा प्रेक्षक हाच आहे.

आता जंगलाकडे येऊ. ‘आरआरआर’ 2022 मध्ये आला. त्यातला भीम हा कोमराम भीम. आसिफाबादच्या बाजूचा गोंड, म्हणजे राजुऱ्याच्या शेजारचा. तरुणपणी तो निजामाच्या हद्दीतून पळून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आला आणि इथे एका छापखान्यात राहून लिहायला-वाचायला शिकला, अशी गोष्ट सांगितली जाते. पुढे त्याने निजामाच्या महसूल आणि वनखात्याविरुद्ध लढा उभारला, जल, जंगल, जमीन या मागणीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, आणि 1940 साली जोडेघाटला तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाचे कारण शोधायला हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला नेमले, यावरून त्या लढ्याचे वजन कळते. चित्रपटात यातले काय उरले? भीम दिल्लीला जातो, इंग्रज गव्हर्नरशी लढतो, जंगली जनावरांनी भरलेला ट्रक त्याच्या वाड्यात घुसवतो. दृश्य जबरदस्त आहे, टाळ्या पडतातच. पण वनखात्याचा दंड, चराईचा कर, पडीक जमीन मोडून पिकवल्याबद्दल होणारी हकालपट्टी, ज्यामुळे भीम भीम झाला, ते सगळे बाजूला राहिले. हा चित्रपट काल्पनिक असल्याचे निर्माते स्वतःच सांगतात, तेव्हा इतिहासाचा दाखला देऊन त्याला नापास करणे रास्त नाही. माझा मुद्दा इतकाच, की त्यातले जंगल हे नायकाचे बळ दाखवण्याची जागा आहे. त्या जंगलात कुणी कामाला जात नाही. 1858 साली चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांच्या वाट्याला तर एवढा मोठा पडदाही आलेला नाही.

‘पुष्पा’चे तसे नाही, आणि इथेच आवड वळलेली दिसते. वरवर पाहता तो एका गुंडाच्या चढतीचा मसालापट. पण त्यातल्या शेषाचलमच्या डोंगरात मजुरीचा दर आहे, ठेकेदार आहे, नाका आहे, लाच आहे, आणि धाड पडली की नदीत सोडलेले लाकूड आहे. आलापल्लीचा साग आणि प्राणहिता-इंद्रावतीचे पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला रक्तचंदनाच्या जागी सागवान ठेवायला क्षणाचाही वेळ लागत नाही. ‘आरआरआर’च्याच वर्षी, 2022 मध्ये, कन्नड ‘कांतारा’ आला. तुळुनाडूतले दैव, भूत कोला, पंजुर्ली, यातले काहीच इथल्या ओळखीचे नाही. तरी त्याचा मूळ पेच गडचिरोलीला तोंडपाठ आहे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारे गाव एका बाजूला, आखणी करून हद्द घालणारा वन अधिकारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या भांडणात जमीन लाटू पाहणारा धनी तिसरा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी त्यानंतरही वाहतूक परवान्याचा झगडा केला. ‘कांतारा’त जो प्रश्न शेवटी दैव अंगात येऊन सुटतो, तो मेंढ्यात ग्रामसभेच्या बैठकांतून सुटला. चित्रपटाचा शेवट त्यामुळे इथल्या जाणत्या प्रेक्षकाला थोडा सोपा वाटला तर ते चूक नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माणूस सिनेमाला जातो तो रोजचे विसरायला. दिवसभर फॉरेस्टवाल्यांशी वाद घातलेला माणूस रात्री पडद्यावर पुन्हा तेच का पाहील? पोरांना ‘पुष्पा’ आवडतो तो चालीसाठी, संवादासाठी, मजुरीच्या दरासाठी नव्हे. हे बरेचसे खरे आहे. पण मग चाल आणि संवाद असलेले डझनावारी चित्रपट वर्षभरात विसरले का जातात? रोजचे विसरायला लावणारा सिनेमा आधी रोजचे ओळखतो आणि मग ते उलटवून दाखवतो. नाक्यावर मान खाली घालणारा मजूर तिथेच मान वर करतो, यातली गंमत नाका माहीत असलेल्याला जास्त कळते. दुसरा आक्षेप डबिंगचा. चंद्रपूरच्या थिएटरात जो ‘पुष्पा’ चालला तो हिंदी, मग तेलुगू सिनेमाची आवड कसली? बरोबर. त्यात गंमत अशी, की त्या हिंदी पुष्पाचा आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. डबिंगमध्ये चित्तूरकडची बोली हरवते आणि पुष्पाच्या बोलण्यातला गावरान खवचटपणा अर्धा होतो. सिरोंच्याचा प्रेक्षक मूळ तेलुगूत पाहतो तो चित्रपट आणि चंद्रपूरचा हिंदीत पाहतो तो चित्रपट, हे एकच नव्हेत. पण मोबाइलवर खाली ओळी वाचत मल्याळम, तमिळ पाहणारी नवी पिढी हेच अंतर कमी करते आहे. ‘जल्लिकट्टू’त सुटलेल्या रेड्याच्या मागे धावणारे केरळातले गाव, ‘जय भीम’मध्ये खोट्या चोरीत अडकवलेली इरुलर माणसे, यांना हिंदी आवाज दिला नाही तरी चालते, उलट बरे.

राहता राहिली मराठी. गडचिरोलीतल्या हेमलकशावर ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ 2014 मध्ये आला. चित्रपट प्रामाणिक होता, पण बाहेरून आलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि माडिया त्यात प्रामुख्याने रुग्ण म्हणून आले. दोन वर्षांनी ‘सैराट’ आला. आर्ची आणि परशा पळून जातात ते हैदराबादला, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत. करमाळ्याच्या पोरांसाठी ते परमुलूख. राजुरा-सिरोंच्याच्या प्रेक्षकाला मात्र हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचे. दंडकारण्यातल्या मतदान केंद्रावरचा ‘न्यूटन’ हिंदीत झाला, ज्यात गोंडी ऐकू येते. संवेदनशील भागात दुपारी तीनला मतदान संपवून केंद्र गुंडाळणाऱ्या गडचिरोलीतल्या कर्मचाऱ्यांना त्यात विनोद कुठे संपतो ते नेमके कळले असेल. वाघ, पुढारी आणि वनखाते यांच्यावरचा ‘शेरनी’ही हिंदीतच झाला. ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीच्या शिवारात वाघाची भीती रोजची, पण तिच्यावर तेवढ्या ताकदीचा मराठी चित्रपट नाही. पहाटे मोहफूल वेचायला निघालेली बाई, तेंदूच्या फडावर पुडे मोजणारा मुंशी, नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन खेटे घालणारा धान उत्पादक, यांची गोष्ट इथल्या मराठीत कुणी सांगितली, तर ती सिरोंच्यात तेलुगूत डब करावी लागेल असे मला तरी वाटत नाही.