दोन वाऱ्यांची टक्कर

पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांतून एप्रिलात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजावर जेमतेम आठ-नऊ अंश उंच, ट्रम्पलर १६ या कोवळ्या तारकागुच्छात, ईटा करिनी हे महाकाय जोडतारे आहेत. अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षे. एकाचा वारा सेकंदाला ३,००० किलोमीटरच्या घरातील वेगाने दुसऱ्याच्या दाट, तुलनेने संथ वाऱ्यावर आदळतो. वायू कोट्यवधी अंश तापून क्ष-किरण फेकतो. दर साडेपाच वर्षांनी तारे अगदी निकट येतात. तेव्हा हे किरण वाढतात खरे, पण लगेच काही आठवडे जवळजवळ मावळतात! दाट वारा त्यांना गिळतो, की टक्करच कोसळते, यावर शास्त्रज्ञांत खल चालू आहे. आपले वातावरण हे किरण अडवते, हे आपले भाग्यच. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. २०१५ साली भारताने धाडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली.