गुपित कोणापासून?

(जळगाव-धुळे जिल्हा बैठकीतील भाषण)



सरकारी फायलीतला कागद कुणी गुपचूप हाती दिला, तर तो छापावा काय, असा प्रश्न बैठकीत निघाला. चोरीचा माल म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्ही आधी एवढेच विचारतो : हे गुपित कोणापासून? धरणाचा वाढीव खर्च ठेकेदाराला ठाऊक असतो. कालव्याची आखणी पुष्कळदा दलालाला आधी कळते. अंधारात राहतो तो ज्याचे शेत जाते तो.

२०१२ साली जलसंपदा खात्याचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातील गैरव्यवहारांबद्दल मुख्यमंत्री व राज्यपालांना पत्र लिहिले. ते वर्तमानपत्रांत आले तेव्हा कुठे सरकार हलले. २५ सप्टेंबरला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात ते पुन्हा पदावर आले. पत्र म्हणजे आरोप, निकाल नव्हे. पण सत्तर हजार कोटींचे पाणी कुठे मुरले, हे विचारायची सोय झाली. पाडळशाच्या धरणाकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेल्या अमळनेरच्या शेतकऱ्याला तो प्रश्न नवा नव्हता. कागद नवा होता.

शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी १९२३ साली केला, तो अजून आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) सांगते की, लोकहित नुकसानीपेक्षा मोठे असेल तर गुप्त माहितीही देता येते. राफेल प्रकरणी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने छापून आलेले गोपनीय कागद विचारात घेतले. पण कागद आणून देणाऱ्या कारकुनाची भाकर यातले काहीच वाचवीत नाही.

म्हणून आपली पथ्ये आपणच ठरवू. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. कागद आलाच तर दोन ठिकाणी पडताळावा. ज्याच्यावर ठपका येतो त्याचे म्हणणे त्याच पानावर छापावे. जनतेच्या पैशाचा हिशेब छापावा. सैन्याच्या हालचाली किंवा कुणा शेतकऱ्याच्या कर्जाचा आकडा छापू नये. आणि आणणाऱ्याचे नाव पोलीस दारात आले तरी ओठांवर येऊ नये.

हे शेवटचे जमणार नसेल, तर कागद घेऊच नये. छापण्याची शाबासकी आपल्याला, आणि निलंबन त्याला, हा सौदा आम्हांला मंजूर नाही.