शाळा आणि श्रमिकांचे कुटुंब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेतनाच्या, जमिनीच्या आणि रेशनच्या प्रश्नांवर आपण लोकांना संघटित करतो. परंतु ज्या कुटुंबाला आपण मोर्चात आणतो, त्या घरातील मूल शाळेत जाते काय, गेले तर तेथे काय शिकते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. आज मी या उणिवेविषयीच बोलणार आहे.

“अडाणी आईबापांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नसते,” हे वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत सर्रास ऐकू येते. ते कितपत खरे आहे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यामुळे आईने घरी राहून मुलाचा अभ्यास पाहावा, ही गोष्ट या व्यवहारात बसतच नाही. मूल मागे ठेवावे तर थकलेल्या आजीच्या भरवशावर, बरोबर न्यावे तर ते कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. असे अर्धे वर्ष बुडालेले मूल पुन्हा वर्गात येते, तेव्हा फळ्यावरचे त्याला उमगत नाही. दोन-तीन वर्षांत ते शाळा सोडते आणि दोष मात्र पालकांच्या अनास्थेला दिला जातो. उचलीच्या कर्जाचा आणि गावात नसलेल्या कामाचा उल्लेख कोठेच होत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच मांडले होते की, सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या श्रमावर भरते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. देशाच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून येण्यास मात्र २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. त्यानुसार २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला.

या कायद्यात श्रमिक पालकाच्या हाती येऊ शकतील अशी काही साधने आहेत. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही, किंवा जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगावी, हे त्याच्या कर्तव्यातच नमूद आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम आहे.

कागदावर एवढे आहे. प्रत्यक्षात काय घडते? एका गावात मी अशा समितीच्या एका सभासद बाईंना भेटलो. त्या शेतमजूर होत्या. “सभेत काय ठरले?” असे विचारता त्या म्हणाल्या, “सभा कधी झाली, ते ठाऊक नाही. वही घरी येते, मी अंगठा देते.” सभा दुपारी होत असे. सभेला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. एकदा त्या गेल्या, तेव्हा पुरुष सभासद खुर्च्यांवर बसलेले होते. या दाराशी जमिनीवर बसल्या आणि न बोलता परत आल्या. साथींनो, त्या बाईंना आस्था नव्हती, असे कोण म्हणेल?

तेव्हा आपले काम कोठून सुरू होते, हे उघड आहे. पहिले म्हणजे, पालकसभा सायंकाळी किंवा बाजाराच्या सुटीच्या दिवशी व्हावी, ही मागणी करा आणि पहिल्या दोन-तीन सभांना त्या बायांच्या सोबत जा. त्यांच्या वतीने बोलू नका. बोलण्याची तयारी आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून करा. माझे मूल किती दिवस गैरहजर होते, ते वाचू शकते काय, आणि कोठे अडते, हे तीन प्रश्न प्रत्येक आईने विचारले तरी सभेचे स्वरूप पालटते.

दुसरे, ज्या आईला अक्षर येत नाही तिला हे समजावून सांगा की, तिच्यावाचून मुलाचे शिक्षण अडते. रात्री चुलीपाशी मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावणे, आज काय शिकलास ते सांग म्हणणे, आणि मुलीला पाण्याच्या फेऱ्यांतून तासभर मोकळे ठेवणे, यासाठी साक्षरता लागत नाही.

तिसरे काम हंगामाचे. दसऱ्यापूर्वीच वस्तीवर कोणती मुले जाणार, कोणती राहणार, यांची यादी करा. राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करवून घ्या; टोळी निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचा उपयोग नाही. जाणाऱ्यांची खबर फडाकडील साथींना द्या. बेळगाव भागात आणि धुळे-नंदुरबारची टोळी जाते त्या दक्षिण गुजरातेत काम करणाऱ्या साथींवर येथे विशेष जबाबदारी आहे, कारण तेथे मुलापुढे शाळेची भाषाही बदलते. आपल्यापैकी कोणी कोपीवर जाऊन त्या मुलाला जवळच्या शाळेत नेले नाही, तर कायद्यातील प्रवेशाचे कलम कागदावरच राहील.

शेवटी एक सावधगिरी. शिक्षकाला शत्रू समजू नका. निवडणूक आणि जनगणना यांच्या कामांना तोही जुंपला जातो. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक आधी शिक्षण सेवक म्हणून मानधनावर राबतो. पालक आणि शिक्षक एकमेकांना दोष देत राहिले की पटसंख्या घटते, आणि घटलेला पट दाखवून शाळा बंद करणे सोपे होते. २०२३ साली महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा हा धोका स्पष्ट झाला. दूरची शाळा म्हणजे प्रथम मुलीचे शिक्षण थांबणे.

म्हणून वस्तीवरची शाळा टिकवायची असेल, तर वस्तीने शाळेत पाऊल टाकले पाहिजे. येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या भागातील एका शाळेच्या समितीची वही पाहावी आणि ज्यांचे अंगठे तीत आहेत त्यांच्या घरी जावे. पुढच्या बैठकीत मी त्याचाच अहवाल मागणार आहे.